भाडं घ्यायला कोणी तयार नव्हतं

अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाने कुलूप बदलावं आणि भाडेकरूने निमूट सामान उचलावं, हा गोव्यातल्या म्हापशात जणू अलिखित कायदाच आहे. घरं ज्यांची आहेत ते असं मानतात यात नवल नाही. भाड्याने राहणारेही तेच मानतात. आमच्या रुग्णालयातल्या दोन नर्स दर ऑक्टोबरला बिऱ्हाड हलवतात, कारण पावसाळ्यात 'या, राहा' म्हणणाऱ्या मालकाला सीझन सुरू झाला की त्याच खोलीचं एका रात्रीचं भाडं पर्यटकाकडून हवं असतं. त्यांना कधी कोणी नोटीस दिली नाही, आणि त्यांनी मागितलीही नाही.

आम्ही मूळचे कुडाळचे. मी म्हापशात एका खासगी रुग्णालयात नर्स आहे, नवरा वेर्ण्याला कारखान्यात शिफ्टमध्ये. खोर्लीत एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली मालकीणबाई राहायच्या. आम्ही त्यांना माई म्हणायचो. पंधरा हजार भाडं, पंचेचाळीस हजार अनामत, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. शेवटचा कागद संपला तेव्हा माई आजारी होत्या. "कागदाची घाई कसली," म्हणाल्या, तो राहून गेला. भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला त्यांच्या खात्यात जात होतं.

चवथीच्या आधी माई गेल्या. तेरावं झालं आणि आठवड्याभरात धाकट्या मुलाचा आखातातून फोन आला. भाषा गोड होती, मुद्दा सरळ होता. "वयनी, म्हाका घर रितें जाय. दिवाळी पयलीं." म्हणजे दिवाळीआधी घर रिकामं हवं. वरचा मजला त्याला पर्यटकांना द्यायचा होता. आमचा मुलगा दहावीला होता, त्याची परीक्षा झाली की आम्ही सोडतो, असं मी म्हटलं. तो म्हणाला, करार संपलेला आहे, तुम्हाला राहायचा हक्कच नाही.

मी दुसऱ्या दिवशी भाडं पाठवलं. ते परत आलं, कारण माईंचं खातं गोठवलं होतं. धाकट्याकडे खात्याचा नंबर मागितला, त्याने दिला नाही. थोरला म्हापशातच राहतो, त्याच्या दारी रोख घेऊन गेले. चहा दिला, पण पैशाला हात लावला नाही. "इन्व्हेंटरी चालू आहे वयनी, मी घेतलं तर भावाला वाटेल मी एकट्यानेच घेतलं." गोव्यात माणूस गेल्यावर वारसांमधली वाटणी कोर्टात इन्व्हेंटरी करून होते. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत, आता ती २०१२च्या वारसा कायद्यात आहे. त्याला वर्षंही लागू शकतात. तोवर घर सगळ्यांचं, म्हणजे व्यवहारात कोणाचंच नाही. नवरा म्हणाला, घेत नाहीत तर राहू दे, आपलेच पैसे वाचतायत.

त्यानंतर पंपाच्या खोलीला नवं कुलूप लागलं. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायचा पंप त्या खोलीत, आणि धाकट्याने ठेवलेल्या राखणदाराकडे किल्ली. राखणदार बिचारा सांगकाम्या होता, तोंड चुकवायचा. अंगणातल्या विहिरीला तेवढं कुलूप लावता येत नव्हतं. नाईट ड्यूटी करून यायचं, कळशीने पाणी शेंदायचं आणि जिना चढायचा. मुलगाही पुस्तकं बाजूला ठेवून बादल्या वाहायचा. घर सोडायला लावण्याची ही रीत इतकी जुनी आणि इतकी ओळखीची आहे की शेजारणीला त्यात काही वावगंही दिसलं नाही. "पाणी बंद केलं? मग आता लाईट," एवढंच म्हणाली.

पोलिसांत गेले. तिथल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि अपेक्षित वाक्य टाकलं: हे सिव्हिल मॅटर आहे. मी तोंडी वाद घातला नाही. लेखी अर्ज केला, त्यात पंपाचं कुलूप, तारीख, राखणदाराचं म्हणणं लिहिलं, आणि प्रतीवर आवक शिक्का मागून घेतला. तो शिक्का पुढे उपयोगी पडला. पण त्याहून मोलाची गोष्ट त्याच ठाण्यात होती, आणि ती माझ्या लक्षातही आली नसती. भाडेकरू पडताळणीचा जो फॉर्म घरमालक पोलिसांकडे देतो, तो माईंनी आमच्यासाठी दिला होता. माझ्याकडे त्याची पोच होती. आमचे फोटो, घराचा पत्ता, माईंची सही. हा फॉर्म म्हणजे भाडेकरूवर नजर ठेवायचा कागद असं आपण समजतो. वकीलबाईंनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही या घरात मालकाच्या संमतीने आणि उघडपणे राहताय, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

या वकीलबाई मला फुकट मिळाल्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा आहे, त्याच्या कलम १२ खाली स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पगार किती, रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, असलं काही नाही. रुग्णालयातल्या समाजसेविकेने हे सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, कारण फुकट वकील म्हणजे अगदी निराधारांसाठी, अशी समजूत. म्हापशाच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला. साधा छापील अर्ज, आधारची प्रत, तक्रार चार ओळींत. (कुठे जायचं हे कळत नसेल तर १५१०० या देशभरच्या क्रमांकावर विचारता येतं.) काही दिवसांनी पॅनेलवरच्या वकिलांचं नाव मिळालं. वयाने माझ्याहून लहान, बोलायला फटकळ, आणि कागद वाचताना पेन्सिलीने खुणा करायची सवय.

पहिली खूण त्यांनी आमच्या करारावरच केली. मथळा 'लिव्ह अँड लायसन्स'. आत एक अट होती की मुदत संपल्यावर राहिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क द्यावं लागेल. त्या हसल्या. महाराष्ट्राचा कायदा पत्रादेवीच्या सीमेवरच थांबतो. कोणीतरी पुण्या-मुंबईचा नमुना उचलून नाव-पत्ता बदलला होता, आणि नोटरीने शिक्का मारला होता. महाराष्ट्रात मुदत संपलेल्या लायसन्सवाल्याला बाहेर काढायला वेगळा सक्षम प्राधिकारी आहे, करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. यातलं काहीही गोव्याला लागू नाही. गोव्यात भाड्याच्या इमारतींसाठी १९६८चा कायदा आहे, ज्याचं लांबलचक नाव गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण अधिनियम. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा आणला, त्यात निवासी घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे आणि मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं बंधन आहे. ते वाचून मी खूश झाले होते. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच त्याला दात येतात. वकीलबाईंनी त्यावर पेन्सिल टेकवलीसुद्धा नाही.

मग मथळ्याचा प्रश्न. लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, भाडेपट्टा म्हणजे जागेत हक्क. मालकाला लायसन्स आवडतं कारण त्यात भाडेकरू कायद्याचं संरक्षण टळतं. पण कागदावर काय छापलंय एवढ्यावर ते ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं की मथळ्यापेक्षा व्यवहाराचं खरं रूप बघायचं, आणि जागेचा पूर्ण, स्वतंत्र ताबा दिला असेल तर पारडं सहसा भाडेपट्ट्याकडे झुकतं. आमचा जिना वेगळा, कुलूप आमचं, माई वर यायच्या त्याही खालून हाक मारून. तरी वकीलबाई म्हणाल्या, हा वाद आपण आज जिंकायला निघालो नाही. तुम्ही लायसन्सी ठरलात तरीसुद्धा त्याला तुम्हाला हाताने बाहेर काढता येत नाही. तेवढं आज पुरेसं आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातलं मर्म हेच. कायदा भाडेकरूला घर देत नाही, वेळ देतो. जो माणूस शांतपणे, स्थिरपणे ताब्यात आहे, त्याचा राहण्याचा हक्क संपला असं धरून चाललं तरी मालकाने त्याला कोर्टामार्फतच काढलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा कृष्णा राम महाले खटल्यातला १९८९चा निकाल हेच सांगतो, आणि तो मुळात मुंबईतल्या एका उपाहारगृहाच्या लायसन्सचाच वाद होता. आणि जबरदस्तीने बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हे विचारलंच जात नाही. तुम्ही आत होता का, आणि तुम्हाला कायदा डावलून काढलं का, एवढंच. सहा महिने उलटले की हा सोपा दरवाजा बंद.

हे ऐकून मला बळ आलं, आणि लगेच वकीलबाईंनी ते उतरवलं. "भाडं कधीपासून दिलं नाही?" मी म्हटलं, घेतच नाहीत. तर म्हणाल्या, हाच फास आहे. १९६८च्या कायद्यात मालक काही ठरावीक कारणांवरच काढू शकतो. पोटभाडेकरू ठेवला, जागेचा वापर बदलला, मोठं नुकसान केलं, सलग चार महिने जागा वापरलीच नाही, मालकाला खरोखर स्वतःला राहायला हवी आहे, वगैरे. यातलं सगळ्यात सोपं कारण थकबाकी. एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलं, मालकाने रजिस्टर्ड नोटीस दिली, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत भरलं नाही, की कारण तयार. भाडं न घेणं ही मेहेरबानी नसते. नवऱ्याने 'वाचलेले' पैसे मी त्याच संध्याकाळी मोजून बाजूला काढले.

भाडं द्यायला माणूस सापडत नसेल तर ते द्यायचा प्रयत्न केल्याचा पुरावा करायचा. प्रत्येक महिन्याचं भाडं मनीऑर्डरने, दोन्ही मुलांच्या नावे, थोरल्याच्या पत्त्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर ईमेलवर कळवायचं ते वेगळं. पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईला मनीऑर्डरचं नवल वाटलं, भाडं कोण पाठवतं आता असं! 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा येऊन ती परत आली. परत आलेली पावती मी पासपोर्टसारखी जपून ठेवली. ती हातात असली की पुढची पायरी रेंट कंट्रोलरकडे, म्हणजे उपजिल्हाधिकारी कार्यालयात, अर्ज करून भाडं तिथे जमा करण्याची. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही, पण अर्ज टाईप करून फायलीत होता. आणि पुढे दावा लागलाच तर तो चालू असेपर्यंत भाडं वेळेवर जमा करत राहावं लागतं. त्यात खंड पडला तर बाजू ऐकून घेण्याआधीच ताबा जाऊ शकतो.

या सगळ्यात शेजारच्या काकांनी एक सल्ला दिला होता तोही सांगते. "चार वर्षं झाली ना? मुंडकार म्हणून मामलेदाराकडे अर्ज घाल, घर तुझंच होईल." गोव्यात हा सल्ला तुम्हाला कुठल्याही तिठ्यावर मिळेल. वकीलबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला तो यावर. मुंडकार कायदा १९७५चा, तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या माणसांसाठी. त्यांना बेदखल होण्यापासून वाचवायला आणि घराखालची जमीन विकत घेता यावी म्हणून. घरासाठी मालकाला भाडं देणारा माणूस त्या कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. "तुमच्यासारखे लोक खोटे अर्ज घालतात या भीतीपोटीच इथले मालक कोणाला धड कागद करून देत नाहीत," म्हणाल्या. मला ते लागलं, पण पटलंही. धाकट्याचा सूर इतका कडक का होता, हे मला त्या वाक्यानंतर कळलं. भाडेकरू वर्षानुवर्षं राहून घर बळकावतात अशा गोष्टी ऐकतच तो मोठा झाला असणार, आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील.

नोटीस गेली. भाषा सभ्य होती: मुलाची परीक्षा संपेपर्यंत राहू द्या, पाणी आठ दिवसांत सुरू करा, भाडं कोणाला द्यायचं ते लेखी कळवा, नाहीतर मनाई हुकमासाठी दिवाणी दावा. सोबत पोलीस अर्जाची शिक्क्याची प्रत, परत आलेली मनीऑर्डर आणि पडताळणी फॉर्म. विजेबद्दल एक परिच्छेद होता, कारण मीटर माईंच्या नावावर होता आणि ग्राहकच वारला म्हणून तो तोडून घेईन, अशी धमकी मिळाली होती. वीज कायदा २००३चं कलम ४३ म्हणतं की वीज मागण्याचा हक्क मालकाइतकाच जागेत राहणाऱ्यालाही आहे. तेवढं लिहिल्यावर मीटरचा विषय परत निघाला नाही. पंपाचं कुलूप नोटीस पोचल्यावर थोड्याच दिवसांत निघालं. राखणदाराने किल्ली माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, तुम्हीच ठेवा वयनी, माझ्या डोक्याला ताप नको.

दावा लागलाच नाही. वकीलबाईंनी विधी सेवा समितीमार्फत दावापूर्व तडजोडीचा अर्ज केला. कोर्टात खटला नसतानाही दोन्ही बाजूंना बोलावून घेतात, कोर्ट फी नसते, आणि लोकअदालतीत तडजोड झाली की त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच ताकद असते. त्यावर अपीलही नाही. थोरला समोर बसला, धाकटा व्हिडिओवर. मध्यस्थ निवृत्तीच्या वयाचे गृहस्थ होते. त्यांनी कायद्याचं अवाक्षर काढलं नाही. धाकट्याला विचारलं, "मे महिन्यात सीझन असतो का?" तो म्हणाला, मे संपला की नसतो. "मग मेअखेर घर घे, पावसात डागडुजी कर, ऑक्टोबरला दे. तुझं काय बुडतं?" एवढ्यावर तारीख ठरली.

अडलं ते अनामतीवर. ताब्याच्या बाबतीत कायदा भाडेकरूच्या मागे जितका ठाम उभा राहतो, तितका अनामतीच्या बाबतीत राहत नाही, असं माझं मत झालं आहे. पैसे माईंनी घेतले होते. मुलं म्हणत, आम्हाला काय माहीत? माईंच्या खात्याला इन्व्हेंटरी संपेपर्यंत हात लावता येत नव्हता. वकीलबाई म्हणाल्या, घर ज्यांना मिळतं त्यांना त्यासोबतची देणीही मिळतात, दावा लावला तर तुम्हाला पैसे मिळतील. पण कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. तीन वर्षांच्या आत दावा लावायचा एवढीच मुदत. पंचेचाळीस हजारांसाठी किती तारखा? शेवटी तोडगा असा निघाला की थकलेलं भाडं मी ताबडतोब थोरल्याच्या खात्यात टाकायचं, दोघांच्या वतीने त्याने पावती द्यायची, आणि मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचं भाडं अनामतीतून वळतं करायचं. म्हणजे अनामत परत मागायची वेळच येऊ द्यायची नाही. हे आपल्याआपण परस्पर केलं असतं तर ती थकबाकीच ठरली असती. निवाड्यात लिहून घेतलं म्हणून ते चाललं. वरच्या मजल्याच्या रंगाचे पाच हजार धाकट्याने मागितले. मध्यस्थांनी भिंतींचे फोटो बघितले, ओल पावसाची होती, भाडेकरूची नव्हे. तरी दोन हजारांवर मी मान हलवली. ते द्यायला नको होते असं नवरा अजून म्हणतो.

मेच्या शेवटच्या रविवारी टेम्पो आला. निघताना पंप चालू असल्याचा व्हिडिओ, वीज मीटरचा आकडा, प्रत्येक खोलीचे फोटो, आणि किल्ल्या मिळाल्याची थोरल्याची सही, एवढं वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं. थोरल्याने सही केली आणि माईंच्या बागेतली मानकुराद आंब्यांची पिशवी टेम्पोत ठेवली.

आता आम्ही पर्वरीला राहतो. नव्या मालकाने करार पुढे केला तेव्हा मी तीन गोष्टी मागितल्या. महाराष्ट्राच्या कायद्याचा उल्लेख काढा (होता, शब्दशः तोच!), अनामत कोणत्या तारखेपर्यंत परत करणार ते लिहा, आणि तुमच्या पत्नीचीही सही घ्या. गोव्याच्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक असते, उद्या अनामतीसाठी एकाच्या मागे धावायला नको. तो म्हणाला, भाड्याच्या कागदावर बायकोची सही आजवर कोणी मागितली नव्हती. आतून बाई आल्या, कागद पूर्ण वाचला, भाड्याचा आकडा वाचून नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि सही करण्याआधी म्हणाल्या, दर महिन्याला अर्धं माझ्या खात्यात टाका.